व्याज उतरेल म्हणून घर थांबवावे काय?



गळीत हंगामाच्या दिवसांत गट ऑफिसात चार माणसे जमली की बोलणे निघते ते तोडणीच्या पाळीचे, टोळीचे, वजनाचे आणि बिलाचे. अलीकडे मात्र त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. पोरे शिकली, पुण्याला नोकरीला लागली, आणि त्यांच्यासाठी तिकडे घर घ्यावे असे बऱ्याच सभासदांच्या मनात घोळू लागले. परवा असेच एक सभासद खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "पोरगी पुण्यात अठरा हजार भाडं भरतीया. चाळीस लाखाचा फ्लॅट बघून ठेवलाय. बँक पावणेआठनं कर्ज देती म्हणती. पण धाकट्याला एकवीस साली पावणेसातनं मिळालं होतं. मग मी का जास्त भरू? पावणेसात झालं की घेतो. कधी होईल, सांगा."

प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर मात्र तितके सरळ नाही. त्या दिवशी चहा संपेपर्यंत आम्हांला ते पुरते देता आले नाही. पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

प्रथम, हा दर हलवतो कोण? पूर्वी प्रत्येक बँक आपापल्या हिशेबाने व्याज ठरवी. १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना नियम घातला की, घरासाठीचे नवे बदलत्या दराचे कर्ज बाहेरच्या एखाद्या जाहीर दराशी जोडले पाहिजे आणि तीन महिन्यांतून निदान एकदा तरी त्यातला बदल कर्जदाराच्या खात्यात उतरला पाहिजे. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर धरला. रिझर्व्ह बँक बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो रेपो दर. तो सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी ठरवते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवणे, फार तर दोन टक्के वर किंवा दोन टक्के खाली, हे काम कायद्याने तिच्याकडे दिलेले आहे. महागाई चढली की दर चढवायचा, उतरली की उतरवायचा, असा हा मामला आहे.

येथे शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महागाईचा जो निर्देशांक ही समिती इतकी वर्षे पाहत आली, त्या २०१२ पायाच्या मालिकेत खाण्यापिण्याच्या वस्तूंना सुमारे ४६ टक्के वजन होते. म्हणजे भाजीपाला, डाळी आणि धान्य स्वस्त झाले की महागाई उतरली असे दिसायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही महागाई पाव टक्क्यावर, ०.२५ इतकी खाली आली होती. त्या मालिकेतला तो नीचांक. बाजारात आपल्या मालाला उठाव नाही म्हणून आपण कपाळाला हात लावायचा, आणि त्याच कारणाने शहरातल्या घराचा हप्ता उतरायचा, असा हा उफराटा संबंध आहे. आता पोरांची घरे शहरात होऊ लागली तेव्हा दोन्ही टोके आपल्याच हातात आली.

मागचा इतिहास पाहू. १९९० च्या दशकात घराच्या कर्जाला चौदा-पंधरा टक्के व्याज पडे आणि लोक ते भरीत. २००३-०४ च्या सुमारास ते साडेसात-आठपर्यंत उतरले आणि आता व्याज संपलेच असे वाटून अनेकांनी हात सैल सोडले. २००८ च्या मध्याला रेपो दर ९ टक्क्यांवर होता. जगभर मंदी आली आणि एप्रिल २००९ पर्यंत तो ४.७५ वर आला. ऑक्टोबर २०११ मध्ये पुन्हा ८.५०. मग उतरत उतरत मे २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ४ टक्के. तेथे तो दोन वर्षे थांबला. मे २०२२ पासून जो चढू लागला तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत, म्हणजे अवघ्या दहा महिन्यांत, ४ वरून ६.५० वर गेला. तेथे दोन वर्षे मुक्काम. फेब्रुवारी २०२५ पासून उतार लागला: ६.२५, ६, जूनमध्ये एकदम ५.५० आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५. हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत पाव टक्का इकडे-तिकडे झालाही असेल.

आता ह्या आकड्यांकडे आपले सभासद पाहतात तसे न पाहता जरा लांबून पाहा. २०२० सालचा तळ ४ आणि २०२३ सालचा माथा ६.५०. त्यांच्या बरोबर मध्यावर ५.२५ येते. सव्वा टक्का खाली, सव्वा टक्का वर. पण खालचा तळ गाठायला सगळे जग घरात कोंडून बसावे लागले होते, तर वर जायला युक्रेनचे एक युद्ध आणि तेला-धान्याची महागाई पुरली. धाकट्या भावाला मिळालेला पावणेसातचा दर हा करोनाच्या वर्षाचा दर होता. एखाद्या साली पाऊस, पाणी आणि बेणे सगळे जुळून एकरी ऐंशी टन ऊस निघाला, म्हणून दर साल ऐंशी धरून सोसायटीचे कर्ज काढणारा माणूस आपण शहाणा म्हणत नाही. आमचा अंदाज विचाराल तर, महागाई अशीच निवलेली राहिली तर अर्धा टक्का आणखी उतरू शकेल. पण पाऊस हुकला किंवा तेल भडकले तर तेवढाच वर जायलाही वेळ लागणार नाही. ह्याहून जास्त खात्रीने कोणी सांगू लागला, तर तो कर्ज विकायला आला आहे असे समजा.

हे सारे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्याच घरात ३० लाखांचे कर्ज ऑक्टोबर २०२१ मध्ये, द. सा. द. शे. पावणेसात टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीने काढले होते. हप्ता रु. २२,८११. महिन्याच्या महिन्याला कापला जायचा, आम्ही निर्धास्त. दीड वर्षाने सहज खात्याचा उतारा काढला तर हप्ता तोच, पण त्यातले जेमतेम दोनशे रुपये मुद्दलात जात होते. बाकी सगळे व्याज. दर सव्वानऊवर गेला होता, बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती, आणि त्या गतीने कर्ज फिटायला पन्नास वर्षे लागली असती. त्याबद्दल आम्हांला कोणी चिठ्ठी पाठवली असेल तर ती आमच्यापर्यंत पोचली नाही. शाखेत गेलो तर "सिस्टीमनं केलंय" एवढेच उत्तर. अखेर हप्ता पाच हजारांनी वाढवून घेतला तेव्हा गाडी रुळावर आली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच नियम काढला की, दर बदलताना हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होणार हे कर्जदाराला कळवले पाहिजे; हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे त्याला निवडू दिले पाहिजे. म्हणून ज्यांच्या घरात असे कर्ज आहे त्यांनी हप्ता किती हे विचारून थांबू नये; मुदत किती उरली हे विचारावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पावणेसातची वाट पाहावी का?

३० लाखांवर वीस वर्षांसाठी पावणेआठने हप्ता येतो रु. २४,६२८. पावणेसातने रु. २२,८११. फरक महिन्याला अठराशे रुपयांचा, म्हणजे लहान नव्हे. समजा आपले सभासद दोन वर्षे थांबले आणि त्यांच्या नशिबाने दर खरोखरच पावणेसात झाला. पण ह्या दोन वर्षांत फ्लॅटचा भाव वर्षाला नुसता चार टक्के वाढला तरी चाळीस लाखांचा फ्लॅट सव्वात्रेचाळीस लाखांना पडतो. हातचे पैसे तेवढेच असतील तर वरचे सव्वातीन लाखही कर्जातच घ्यावे लागतील, आणि हप्ता होईल रु. २५,२८२. म्हणजे व्याज पूर्ण एक टक्का उतरूनही आजच्यापेक्षा जास्त. मधल्या काळातले भाडे वेगळेच.

शिवाय खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. आज पावणेआठने बदलत्या दराचे कर्ज घेतले आणि उद्या दर उतरला, तर तो उतार घेतलेल्या कर्जालाही लागतो. त्यासाठी बाहेर थांबायचे कारण नाही. घराचा भाव एकदाच ठरतो. व्याज मात्र वीस वर्षे बदलत राहते. आज ठरलेला भाव उद्या कमी होत नाही, पण आज ठरलेले व्याज उद्या कमी होऊ शकते. अर्थात वाढूही शकते, हे वर सांगितलेच.

पण याचा अर्थ उद्याच धावत जाऊन सौदा करा असा नव्हे. भाव दर साल वाढतोच असे बिल्डरचा माणूस सांगेल. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच भागांत भाव काही वर्षे जागचे हलले नव्हते, हे तो सांगणार नाही. अशा काळात थांबणाऱ्याचे काही बिघडत नाही. भाडे अठरा हजार आणि हप्ता साडेचोवीस हजार, तेव्हा भाड्याने राहणाराच महिन्याला चार पैसे मागे टाकतो. म्हणून घाई भावाच्या भीतीने नको आणि दिरंगाई व्याजाच्या आशेने नको. वेळ ठरवायची ती आपल्या घरच्या हिशेबावर, आणि आपल्या सभासदाच्या घरचा हिशेब उसाच्या हिशेबाशी बांधलेला आहे.

तो हिशेब असा. हप्ता वर्षाला बारा वेळा येतो. ऊस बारा वेळा तुटत नाही. सुरूचा ऊस वर्षाने, पूर्वहंगामी त्याहून उशिरा आणि आडसाली तर सतरा-अठरा महिन्यांनी कारखान्यावर येतो, मग बिल. कायद्याने पैसे चौदा दिवसांत द्यायचे खरे, पण कोणत्या साली काय होते हे सभासदांना आम्ही सांगावे असे नाही. २०२५-२६ हंगामाला केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला रु. ३,५५० आहे. त्यातून तोडणी-वाहतूक जाते, मग खत, पाणी, मशागत, मजुरी. सारे जाऊन टनाला बाराशे रुपये हातात उरले असे धरू. कोणाला जास्त उरतील, कोणाला कमी. आपापला आकडा घाला.

ह्या सभासदांनी मुलीला शब्द दिला आहे की निम्मा हप्ता आपण भरू. निम्मा हप्ता म्हणजे वर्षाचे रु. १,४७,७६८. टनाला बाराशेप्रमाणे त्याला १२३ टन ऊस लागतो. एकरी ४५ टन धरले तर पावणेतीन एकर ऊस वीस वर्षे नुसता पुण्याच्या घरासाठी लावायचा. त्यांची एकूण बागायत सहा एकर आहे. मुलीची नोकरी काही काळ सुटली तर साडेपाच एकर लागतील. हे आकडे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "व्याजाचं एवढं बघितलं, ह्याचं नाही बघितलं."

दर दोन टक्क्यांनी चढला तर? पावणेदहाने हप्ता होतो रु. २८,४५६. आमच्या मते घर घ्यावे की नाही ह्याची परीक्षा ह्या आकड्यावर करावी. पावणेसातला परवडते का हे पाहणे म्हणजे मनाचे समाधान.

हातचे पैसे किती लागतील हेही बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते; म्हणून चाळीस लाखांच्या फ्लॅटला तीस लाख कर्ज आणि दहा लाख आपले, हे धरून चला. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सूट, म्हणजे ४० हजार वाचतात. वडिलांनी हौसेने आपले नाव खरेदीखतात घातले की ती सूट गेली. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर वर जीएसटी: ठराविक क्षेत्रफळाच्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला १ टक्का, त्यावरच्याला ५, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला नाही. सारे मिळून पावणेतेरा लाख तरी गाठीशी हवेत. आपल्या सभासदांकडे सात होते.

उरलेले कोठून आणणार असे विचारल्यावर ते म्हणाले, "पीककर्जाचं नवं-जुनं होतंय, त्यातनं काढीन." येथे मात्र आम्ही हात धरला. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते. ते पैसे फ्लॅटमध्ये घातले आणि बिल लांबले तर सवलत जाते, खाते थकते आणि पत बिघडते. आणि घराच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून ह्यांचीच पत बँक तपासणार! दोन गुंठे विकणे, सोने ठेवणे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पिकाचे पैसे विटांत घालू नयेत.

एक मार्ग मात्र हंगामी उत्पन्नवाल्याला सोयीचा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी रक्कम भरली तर व्यापारी बँकांना दंड घेण्यास २०१२ पासून मनाई आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. तेव्हा बिल आले की त्यातली ठरलेली रक्कम थेट मुद्दलात भरावी. ३० लाखांचे वीस वर्षांचे कर्ज, पावणेआठने, वर्षाला नुसते ५० हजार जादा भरले तर सुमारे साडेचौदा वर्षांत फिटते. लाख भरले तर पावणेबारा वर्षांच्या आत. व्याजात एक टक्का मिळवण्यासाठी दोन वर्षे थांबण्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि तो रिझर्व्ह बँकेच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे घरकर्ज देतात. त्यात बिलाचे पैसे टाकून ठेवले की तेवढ्यावरचे व्याज थांबते आणि खतासाठी लागले तर परत काढता येतात. दर किंचित जास्त असतो; विचारून घ्यावे.

आपल्यापैकी पुष्कळांचा ओढा जिल्हा बँकेकडे किंवा गावच्या नागरी बँकेकडे असतो. माणसे ओळखीची, कागद समजून घेणारी. २०२२ मध्ये सहकारी बँकांच्या घरकर्जाच्या मर्यादाही दुप्पट किंवा त्याहून जास्त केल्या गेल्या. पण रेपोशी जोडण्याचा जो नियम वर सांगितला तो सहकारी बँकांना नाही, घरकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांनाही नाही. तेथे दर उतरला म्हणून आपला हप्ता उतरेलच असे गृहीत धरू नये. दर कशाला जोडला आहे, किती महिन्यांनी बदलतो, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

आपल्या सभासदांनी तूर्त काय ठरवले ते सांगतो. पावणेसातचे लक्ष्य त्यांनी सोडून दिले. खोडव्याचे बिल मार्चअखेर येईल, मुलीची बचत आहे, ती मिळून पावणेतेरा लाख आणि त्याशिवाय सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे दीड लाख, ठेवीत बाजूला पडले की खरेदी. मग त्या दिवशी दर काही असो. ते जुळायला पुढचा आडसाली तुटावा लागेल असे त्यांचे गणित आहे. खरेदी मुलीच्या एकटीच्या नावे.

जाता जाता त्यांनी धाकट्या भावालाही कर्जखात्याचा उतारा काढायला लावला. हप्ता त्याला तोंडपाठ होता. मुदत किती वर्षांवर गेली आहे, ते मात्र उतारा हातात येईपर्यंत त्याला ठाऊक नव्हते.